रोज तीन, रविवारी पाच

वत्सलाबाई,

तुम्ही गेल्यापासून मी एकही दिवस चुकवलेला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. पण मी आनंदानं वाचते असं समजू नका. चार वाजले की खुर्चीत बसते, चष्मा लावते आणि वाचते. समोरची तुमची खुर्ची उचलून आत ठेवायला हवी, पण रोज राहून जातं. भुसावळचं ऊन तुम्हाला सांगायला नको. कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओतलं तरी मला दम लागतो. सुधीर पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, एवढं कशाला वाचत बसतेस? झेपेल तेवढंच कर." झेपतंय म्हणून वाचत नाही, हे मुलाला कसं समजावायचं?

तुमच्या आधी मला कुणीही वाचायला बसवलं नव्हतं, कारण मला त्याची गरज असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पाळकसाहेबांची बायको. पस्तीस वर्षं चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेली. महिला मंडळात प्रार्थना करणारी, संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्टी सांगणारी. मी बायबल वाचलेलं नाही, ही शंका कुणाच्या मनात येणार? साहेबांच्याही आली नाही. आली असेल तर त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

तुम्हाला मात्र एका दिवसात कळलं.

साहेब वारल्यावर चर्चच्या मंडळीचं घर सोडून मी तुमच्या शेजारी राहायला आले, त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "एस्तेरबाई, तुमचं बायबल दोन दिवस देता? शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं, सगळ्यांची पुस्तकं एकदा वाचायची. दुसऱ्याचं घर किती दिवस बाहेरूनच बघायचं?" मी दिलं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते परत घेऊन आलात. चहा घेतलात, कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "सुरुवातीची शंभर पानं मळलीत. शेवटची अडीचशे मळलीत. मधली कोरी आहेत. काहींच्या लाल कडा तर अजून एकमेकींना चिकटलेल्या आहेत."

मी तुमचा कप उचलायला वाकले.

"तीस वर्षं गणित शिकवलंय हो. पोरांचं पुस्तक हातात घेतलं की कळायचं, अभ्यास कुठपर्यंत झालाय."

मला इतका राग आला होता, वत्सलाबाई. आणि त्याच वेळी, खरं सांगते, खांद्यावरचं गाठोडं कुणीतरी न विचारता उतरवून घ्यावं तसं वाटलं. मी म्हटलं, "कुणाला सांगू नका." तुम्ही म्हणालात, "सांगत नाही. पण मी हे एकटी वाचणार नाही. पुस्तक तुमचं आहे. उद्या चारला येते."

जून महिना होता. तुम्ही शाळेचं वेळापत्रक लावावं तसं सगळं लावून टाकलंत. एक अध्याय तुमचा, एक माझा, तिसरा जिचा घसा चांगला तिचा. तुमच्याकडे पाहुणे आले तरी चारला तुम्ही त्यांना चहा देऊन इकडे यायच्यात. मला ताप होता तेव्हा पलंगाशेजारी खुर्ची ओढून तिन्ही तुम्हीच वाचलेत. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक गोष्टींमध्येच संपलं. मग देवाच्या निवासमंडपाच्या, म्हणजे त्या तंबूच्या, पडद्यांची आणि कड्यांची मापं आली, मग लेवीयचं पुस्तक आलं. बळीच्या जनावरांची चरबी, गुर्दे, राख. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हे सोडून देऊ या का? कुणीच वाचत नाही हे."

"पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं तर मी मार्क देत नसे," तुम्ही म्हणालात.

आणि त्याच लेवीयमध्ये तुम्ही थांबलात. अंगावर चट्टे आलेल्या माणसानं वस्तीबाहेर राहायचं, येताजाता स्वतःच ओरडून लोकांना सावध करायचं, असा तो भाग तुम्ही वाचत होता. वाचता वाचता आवाज खाली गेला. पुस्तक मांडीवर ठेवून तुम्ही म्हणालात, "आमच्या आजीचं घर गावाबाहेर होतं. जामनेरच्या पलीकडे. तिच्या अंगावर तर चट्टेही नव्हते."

मी म्हटलं, "माझ्या आजोबांचंही."

माझ्या माहेरी हे कुणी बोलत नसे. आजोबा मिशनमध्ये आले आणि आमचा त्याआधीचा काळ जणू पुसला गेला. मी ते साहेबांजवळसुद्धा मोठ्यानं बोलले नव्हते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मग तुम्हीही वाचा. अर्धा मी वाचला, अर्धा तुम्ही." उरलेला अध्याय मी वाचला. त्या दिवसापर्यंत आपण शेजारणी होतो.

गणना हे पुस्तक आलं तेव्हा तुम्ही वही-पेन घेऊन बसलात. बारा वंशांची बेरीज करून पाहिलीत आणि ती बरोबर निघाल्यावर एखाद्या विद्यार्थ्याचं कौतुक करावं तशा खूश झालात. दोन दिवसांनी लेव्यांच्या तीन घराण्यांची बेरीज केलीत. "एस्तेरबाई, इथे तीनशे माणसं जास्त येतायत. तुमच्या पाळकांना विचारा." मी आमच्या नव्या तरुण पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "बघून सांगतो." अजून बघतायत. आता भेटले की रस्ता बदलतात बिचारे.

बायबलातल्या इतिहासाच्या पुस्तकात नावांची नुसती रांग लागली. अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं. मी कंटाळून भराभर वाचायला लागले तर तुम्ही मला थांबवलंत. "हजेरी अशी घ्यायची नसते. वर्गात सत्तर पोरं असली तरी प्रत्येकाला वाटतं, बाईंनी आपलं नाव नीट घ्यावं." मग एकेक नाव अडखळत, सावकाश. त्यातली निम्मी नावं पुन्हा कुठेच येत नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला एस्तेर आलं. माझ्या नावाचं पुस्तक, आणि मला त्यातली फक्त संडे स्कूलमधली गोष्ट माहीत. ते संपल्यावर तुम्ही मागची पानं परत चाळलीत, पुन्हा पुढे आलात. "तुमच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, माहीत होतं?" मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण दोघी खूप हसलो. शेवटचं तसं हसलो ते तेव्हाच, कारण दुसऱ्या दिवशी ईयोबाचं पुस्तक होतं.

मी म्हटलं, हे नको. तुम्हाला वाटलं, लेवीयसारखाच कंटाळा. मग मला सांगावं लागलं. माझी थोरली अकरा वर्षांची होती. कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. तिला पुरल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी साहेबांनी ईयोबावर उपदेश केला. चर्चमध्ये सगळे रडत होते. मी पहिल्या बाकावर होते. साहेबांनी सांगितलं, ईयोबाची दहा मुलं आणि गुरंढोरं एका दिवसात गेली; शेवटी देवानं त्याला गुरंढोरं दुप्पट दिली, पण मुलं दुप्पट का दिली नाहीत, पुन्हा दहाच का? कारण पहिली मुलं गेलेली नाहीतच, ती देवाजवळ आहेत. दहा इथे आणि दहा तिथे. लोक अजून त्या उपदेशाची आठवण काढतात. दोन वर्षांनी सुधीर झाला तेव्हा बायका म्हणाल्या, "बघा, देवानं दिलं की नाही परत." मी हसले. त्या रविवारनंतर मी पुस्तक उघडलं ते फक्त लोकांदेखत, सांगितलेल्या पानावर. मजकुरावर बोट फिरवायचे, डोळे नाही. साहेबांना दोष देऊ नका. त्याच रविवारी न्हाणीघरात नळ सोडून ते रडत होते, मी ऐकलंय. त्यांना उभं राहायला काहीतरी हवं होतं. त्यांनी ते शोधलं. मला त्यावर उभं राहता आलं नाही आणि ते टाकूनही देता आलं नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. म्हणालात, "तुम्ही वाचू नका. मी वाचते, तुम्ही ऐका." चौदा दिवस तुम्ही एकट्या वाचत होता. ईयोबाला समजवायला आलेल्या त्या मित्रांची लांबलचक भाषणं तुम्हाला मुळीच आवडली नाहीत. मला मात्र, कुणाला सांगू नका, ईयोबाचं देवाशी ते कडकडून भांडणं आवडायला लागलं होतं. आणि मग शेवटचा अध्याय आला.

तुम्ही तो दोनदा वाचलात. मग म्हणालात, "इथे नंतरच्या तीन मुलींची नावं दिलीत. पहिल्या दहांपैकी एकाचंही नाव नाही. आणि त्यांची आई कुठंय? सुरुवातीला एकदा बोलली, मग हिला कुणी विचारलंच नाही. दहा वजा झाली, दहा मिळवली, सुटलं उदाहरण."

"पहिली देवाजवळ आहेत," मी म्हटलं.

"हे इथे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसलं तरी आहे."

"असेल. पण लिहिलेलं नाही. तुमच्या यजमानांनी चांगल्या मनानं म्हटलं असेल, पण ही पायरी त्यांनी स्वतःच्या पदरची घातली."

मी काय काय बोलले ते आता आठवायचं नाही ठरवलं तरी आठवतं. तुमचं मूल गेलेलं नाही, तुम्ही बोलू नका. तुम्ही देव मानत नाही, तुम्हाला काय कळणार? तुम्ही आलात कशाला आमच्या पुस्तकात? तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "नाव काय होतं तुमच्या मुलीचं?"

मी म्हटलं, "तुम्ही आता घरी जा."

दिवाळी आली आणि गेली. एका भिंतीपलीकडे तुम्ही, अलीकडे मी. पाण्याचा नळ आला की तुमच्या बादलीचा आवाज ऐकू यायचा. तुमच्याकडून फराळाचं ताट आलं नाही, माझ्याकडून काही गेलं नाही. रोज चारला मी आतल्या खोलीत जाऊन पडत असे. एवढी थकले होते मी, जणू ती अकरा वर्षांची पोर आत्ताच गेलीय. तेव्हा थकायलाही वेळ मिळाला नव्हता. भेटायला येणाऱ्यांना चहा करत होते मी.

तीन आठवड्यांनी तुम्ही दारात उभ्या. "पुढचं पुस्तक गाण्यांचं आहे. त्यात भांडण होणार नाही." माफी तुम्ही मागितली नाहीत, मीही नाही. मी खुर्ची पुढे ओढली. गाण्यांमध्येही पुष्कळ रडारड आणि भांडणच निघालं, ते सोडा.

चुकलं होतं कुणाचं, वत्सलाबाई? मी अजून त्यावर विचार करते. तुम्ही खरं तेच बोललात, ते तिथे लिहिलेलं नाही. पण माणूस काही फक्त लिहिलेल्यावर जगत नाही, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. आणि हेही, की साहेबांनी दिलेलं उत्तर इतकी वर्षं माझ्याजवळ होतं, पण मला प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. यातलं एकही वाक्य मी तुमच्यासमोर बोलले नाही. वाटलं, अजून यशयाचं सगळं पुस्तक पडलंय, वेळ आहे.

जानेवारीत तुमचं जेवण कमी झालं. साडी खांद्यावरून घसरायला लागली. तुमचा मुलगा धुळ्याहून आला, तपासण्या झाल्या आणि तो तुम्हाला घेऊन गेला. जाताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, "चारला फोन करा. फोन स्पीकरवर ठेवते." आधी तुमचा अध्याय तुम्ही वाचायच्यात. मग तिकडे मागवलेलं पुस्तक हातात जड व्हायला लागलं. मग तिन्ही मीच वाचायला लागले आणि तुम्ही फक्त हुंकार द्यायच्यात. हुंकार आला नाही की मी थांबायची. थोड्या वेळानं तुमचा आवाज यायचा, "झोपले नाही. चालू द्या."

मार्चमध्ये मी एसटीनं धुळ्याला आले. जळगाव, एरंडोल, पारोळा. चार तास अंग नुसतं आंबून गेलं. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, आणि मांडीवर आलेखाचा कागद! यहेज्केलाच्या पुस्तकातल्या मंदिराची मापं चालू होती त्या आठवड्यात. सून मीनल म्हणाली, "काकू, दोन दिवस झाले, औषधाला नाही म्हणतात आणि पट्टी-पेन्सिल मागतात." तुम्ही ओसऱ्या आणि दरवाजे आखत होता. मला म्हणालात, "माप बरोबर बसतंय, एस्तेरबाई. ह्या माणसाला भूमिती येत होती."

मीनल स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी सांगितलं. प्रस्तावना काही जमली नाही. म्हटलं, "सलोमी. तिचं नाव सलोमी होतं."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि वर्गात नाव घ्यावं तसं, एकदाच, नीट, ते नाव घेतलंत. पुढे काही विचारलं नाहीत. मग कशी होती ते मीच सांगत बसले. डाव्या हातानं लिहायची, पेरूच्या झाडावरून उतरायची नाही, गणितात कच्ची होती. "माझ्याकडे पाठवायची होती," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी आपला एकच अध्याय झाला. वाचायला बसूनही आपला दिवस अपुरा राहिला तो तेवढाच, आणि तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत.

एप्रिलमध्ये जखऱ्याचं पुस्तक चालू असताना सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. चार वाजायला अजून खूप वेळ होता.

पुण्यानुमोदनाला मी आले होते. मागच्या रांगेत बसले. भन्तेजींचे शब्द मला कळत नव्हते, पण तुम्ही लेवीय ऐकलंत तसं मी ते शेवटपर्यंत ऐकलं. लोक तुमच्याविषयी बोलायला उठले. तुमचे विद्यार्थी होते, डोकी पिकलेले. तुमच्या मुलानं मला बोला म्हटलं. मी नाही म्हणून मान हलवली. काय सांगणार होते? ह्या बाईंनी माझा धर्म मला वाचून दाखवला, असं?

आमच्या बायकांना कळलं तेव्हा एकजण हळहळली, "नव्या करारापर्यंत पोचल्या असत्या तर बरं झालं असतं." मी तुम्हाला कधी चर्चमध्ये बोलावलं नाही, वत्सलाबाई. तुमच्यासाठी प्रार्थना केली, पण तुमच्या तब्येतीसाठी. दुसरं काही मागितलं नाही. ती माझी कसूर होती की तुमचा मान राखणं होतं, हे मला ठरवता येत नाही. देवापुढे उभी राहीन तेव्हा विचारेल तो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, विचारू दे, सांगा खरं काय ते. नवा करार मी एकटीनं सुरू केला. ती पानं मळलेली आहेत, रस्ता ओळखीचा आहे, आणि तरी सगळ्यात जड जातोय तो हाच.

आता मागच्या महिन्यातलं सांगते. महिला मंडळात पाळकांनी विषय काढला, की भगिनींनी संपूर्ण बायबल वाचायची सवय लावून घ्यावी, आणि पाळकीणबाईंनी मार्गदर्शन करावं. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी उठले. गुडघे दुखत होते, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. म्हटलं, "गेल्या वर्षापर्यंत मी ते पूर्ण वाचलेलं नव्हतं. साहेब गेले तोपर्यंत नाही."

पाळकांनी घसा खाकरला. मग मागून साक्रीकडच्या लीलाअक्का बोलल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, चर्चमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. "बठ्ठं? बठ्ठं कोनी वाचेल शे वो बाई? मी बी वाचेल नही." कुणीतरी हसलं. मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली, सगळं आम्हीही वाचलेलं नाही. नंतर पाळक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "असं सगळ्यांपुढे सांगायला नको होतं, आई." म्हटलं, "आणखी पाच वर्षं लपवलं असतं तर बरं दिसलं असतं का?"

सहाजणी येतात आता, चर्चच्या मागच्या खोलीत, सकाळी अकराला. चार वाजताचे घरचे तीन अध्याय वेगळे असतात, त्यामुळे दिवसाला सहा होतात, घसा बसतो. त्या आतापासूनच विचारतात, वंशावळ्या सोडल्या तर चालेल का. मी नाही म्हणते. मी वाईट झालेय फार. पहिल्या दिवशी लीलाअक्कांना दिसत नव्हतं म्हणून त्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचलं. पहिला अध्याय झाल्यावर त्यांच्या सुनेनं विचारलं, "पाळकीणबाई, तुम्हाला ही सवय कुणी लावली?"

"माझ्या शेजारणीनं."

"कुठल्या मंडळीच्या त्या?"

"मंडळीच्या नव्हत्या. गणिताच्या बाई होत्या."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी समजावत बसले नाही. बारा वाजायच्या आत अजून दोन व्हायचे होते. मी दुसरा अध्याय काढला आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.